पाण्याची परांची

कबड्डी खेळताना कोणाचा हात मोडला, तर आपण फारसे घाबरत नाही. डॉक्टर हाड जागेवर बसवतात, प्लास्टर घालतात आणि दीड-दोन महिन्यांनी तो हात पुन्हा कामाला लागतो. प्लास्टरमुळे हाड जुळते असे आपण म्हणतो, पण ते खरे नव्हे. प्लास्टर हाडाला फक्त हलू देत नाही. सांधण्याचे काम हाड स्वतःच करते, आणि लहान वयात तर इतके चोख करते की, काही वर्षांनी क्ष-किरण चित्रात मोडल्याची जागा शोधावी लागते.

आता त्याच खेळाडूच्या गुडघ्याचा विचार करा. गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते. दोन्ही हाडांच्या टोकांवर पांढऱ्या, गुळगुळीत पदार्थाचे अस्तर असते. त्याची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. या अस्तराला कूर्चा म्हणतात. काही पाठ्यपुस्तकांत तिचे नाव कास्थी असे दिलेले असते. गुडघा पिरगळून या अस्तराचा नखाएवढा टवका उडाला, तर तो खड्डा महिन्याने भरत नाही आणि वर्षानेही भरत नाही. उलट पुष्कळदा त्याच्या कडा झिजत जातात, खड्डा रुंदावतो, आणि विशीत झालेल्या इजेचे पर्यवसान पुढे झिजेच्या संधिवातात होते. जिना चढताना कठड्याला धरून थांबणारी आजी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. तिच्या गुडघ्यात नेमके हेच अस्तर झिजलेले असते.

हे दुखणे जुने आहे. लंडनमधील शल्यविशारद विल्यम हंटर यांनी इ. स. १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांध्यांतील कूर्चेवर एक निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यात नोंदवला. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो मूळ निष्कर्ष खोडून काढणे कोणाला जमलेले नाही. मात्र कूर्चा आपणहून भरत नसेल, तर तिला भरायला लावता येईल का, हा प्रश्न आता विचारता येतो. त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांनी हाताशी धरलेला पदार्थ मोठा गमतीचा आहे. त्याचा बहुतांश भाग म्हणजे नुसते पाणी!

हाडाला जे साधते ते कूर्चेला का साधत नाही? कारण हाडात रक्तवाहिन्या असतात. हाड मोडले की तेथे रक्त साकळते, रक्ताबरोबर दुरुस्ती करणाऱ्या पेशी आणि त्यांना हाका मारणारी रसायने येतात. कूर्चेत एकही रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाहीत. मज्जातंतू नसल्यामुळे इजा झाल्याचे लवकर कळतही नाही. कूर्चेच्या पेशी संख्येने अगदी थोड्या, एकमेकींपासून दूर, आपापल्या कोनाड्यात अडकून पडलेल्या असतात. त्यांना जागा सोडून खड्ड्याकडे जाता येत नाही. गावाला रस्ताच नसावा, मग आग लागली तर बंब येणार कोठून!

पाणी वजन कसे पेलते?

कूर्चेच्या वजनापैकी सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी असते. तरीही चालताना आपल्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार ती पेलते. जिना चढताना त्याहूनही जास्त. पाण्याने भरलेला पदार्थ हे करतो कसे, ते समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

लहान बाळाचा एक नवा, न वापरलेला डायपर फाडून त्यातील पांढरे दाणे कागदावर झटकून घ्या. अर्धा चमचा दाणे पेल्यात टाका आणि वर कपभर पाणी ओता. मिनिटभरात पेला उपडा केला तरी पाणी सांडणार नाही; त्याचे थुलथुलीत जेल झालेले असेल. आता त्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळा. जेल विरघळल्यासारखे होऊन पाणी पुन्हा सुटू लागेल. (हे दाणे डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि मोरीतही ओतू नका, मोरी तुंबेल.)

हे दाणे म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाचे बहुवारिक. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. या साखळ्या मध्येमध्ये एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे त्यांचे जाळे बनते. साखळीवर जागोजागी ऋण विद्युत भार असतात आणि त्यांचा समतोल राखणारे सोडियमचे धन आयन जाळ्यातच अडकून राहतात. आत आयनांची दाटी, बाहेर साधे पाणी. मग तर्षणाच्या नियमाप्रमाणे पाणी आत शिरते आणि जाळे फुगते. बाहेर मीठ टाकले की बाहेरही आयनांची दाटी होते आणि पाणी परत फिरते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जाळ्याला हायड्रोजेल म्हणतात. फालुद्यातील सब्जाचे बी भिजल्यावर त्याच्याभोवती जो पारदर्शक बुळबुळीत गोळा येतो, तेही हायड्रोजेलच.

कूर्चेतही असाच ऋण भार असलेल्या साखळ्या असतात. त्यांचे नाव कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. त्या पाणी ओढून फुगू पाहतात, पण त्यांच्याभोवती कोलॅजेन या प्रथिनाच्या चिवट धाग्यांचे जाळे असते. ते त्यांना फुगू देत नाही. सायकलची ट्यूब आणि टायर आठवा. नुसती ट्यूब फुगवली तर फुटेल आणि नुसते टायर चपटे पडेल. दोन्ही मिळून मात्र वजन पेलतात. पाय टेकला की कूर्चेतील पाण्यावर दाब येतो. जाळ्याची छिद्रे इतकी बारीक असतात की पाणी चटकन निसटू शकत नाही, आणि तोवर भार पाणीच सांभाळते. पाय उचलला की गमावलेले थोडेसे पाणी परत शोषले जाते. या आत-बाहेर होण्यातूनच तेथील पेशींना अन्न मिळण्यास मदत होते. रक्तवाहिन्यांच्या अभावी त्यांचा संसार असा चालतो.

आपल्या पाठीच्या मणक्यांमधील चकत्या हे कूर्चेचेच एक भावंड. दिवसभराच्या भाराने त्यांतील पाणी कमी होते, म्हणून सकाळी उठल्याबरोबर आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक-दीड सेंटीमीटर जास्त भरते. खरे वाटत नसेल, तर दाराच्या चौकटीवर खूण करून पाहा.

स्वयंपाकघरातील शोध आणि विसराळू पेशी

कूर्चा हे जर निसर्गाचे हायड्रोजेल असेल, तर तिच्या खड्ड्यात माणसाने बनवलेले हायड्रोजेल भरले तर? जेलचा शरीराशी संबंध जोडण्याची कल्पना प्रथम प्रागमधील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम या रसायनशास्त्रज्ञांनी मांडली. शरीराला न खुपणाऱ्या जेलविषयी त्यांचा निबंध १९६० साली 'नेचर' या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षीच्या नाताळात विख्टर्ले यांनी घरच्या स्वयंपाकघरात, मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र उभे केले आणि फिरत्या साच्यांत या जेलची पहिली मऊ स्पर्शभिंगे घडवली. आज कोट्यवधी लोक डोळ्यांत घालतात ती मऊ भिंगे त्याच वंशातली. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाने जेल मुकाट्याने चालवून घेतले, हे फार महत्त्वाचे ठरले.

परंतु डोळ्यात भिंग ठेवणे वेगळे आणि नवी कूर्चा उगवणे वेगळे. उगवण्यासाठी पेशी हव्यात. कूर्चेच्या पेशी शरीराबाहेर काढून काचेच्या बशीत वाढवता येतात, पण तेथे त्या एक विचित्र खोड दाखवतात. कूर्चेत गोल असणारी पेशी बशीच्या सपाट तळावर पसरते, चपटी होते, भराभर विभागू लागते आणि हळूहळू आपला मूळ धंदाच विसरते! कूर्चेचे खास कोलॅजेन बनवायचे सोडून ती व्रणाच्या ऊतींत सापडते तसले कोलॅजेन बनवू लागते.

१९८२ साली अमेरिकेत पॉल बेन्या आणि जॉय शाफर यांनी सशाच्या अशा विसरलेल्या पेशी अॅगरोजच्या जेलमध्ये मिसळून ठेवल्या. अॅगरोज म्हणजे समुद्रशैवालापासून काढलेल्या अगर-अगरचा शुद्ध केलेला भाग. आपल्याकडे पुडिंगसाठी जो चायना ग्रास आणतात, तो हाच अगर-अगर. त्या जेलमध्ये चारही बाजूंनी वेढल्या गेल्यावर पेशी पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा कूर्चेचे कोलॅजेन बनवू लागल्या. माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर प्रयोग तो हाच. पेशीला कोणते औषध दिले यापेक्षा तिला कोणत्या घरात ठेवले, यावर ती कोण होणार हे ठरत होते.

शल्यचिकित्सक स्वस्थ बसले नव्हते. त्यांची एक युक्ती म्हणजे खड्ड्याच्या तळाच्या हाडाला मुद्दाम बारीक छिद्रे पाडणे, म्हणजे हाडातील रक्त आणि मूलपेशी वर येतात. खड्डा त्याने भरतो, पण जे उगवते ते धागेदार, कमी टिकाऊ. दुसरी युक्ती स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. त्यांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, खड्ड्यात सोडल्या आणि वर हाडाच्या आवरणाचे ठिगळ शिवले. मांडीच्या हाडावर इजा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला होता. गुडघ्याच्या वाटीवर इजा असलेल्या सातांपैकी मात्र केवळ दोघांना. पेशी पातळ द्रवात सोडलेल्या होत्या. त्यांना धरून ठेवणारे घर तेथे नव्हते.

परांची कशी हवी?

इमारत बांधताना गवंडी बांबूंची परांची उभारतात. भिंत उभी राहिली की परांची उतरवतात. खड्ड्यात भरायच्या जेलने हेच काम करायचे असते. पेशींना आधार द्यायचा, त्यांनी नवी कूर्चा विणली की आपण विरघळून जायचे. ही वेळ साधणे फार अवघड. स्लॅबचे सेंट्रिंग लवकर काढले तर स्लॅब कोसळतो. जेल उशिरा विरघळले तर वेगळीच अडचण येते. त्याच्या जाळ्याची छिद्रे एका पेशीपेक्षा शेकडो पटींनी लहान असतात. त्यांतून प्राणवायू आणि साखर आत जाते, पण पेशीने विणलेले लांब धागे बाहेर पसरू शकत नाहीत. ते तिच्याभोवतीच साचून राहतात. म्हणून काही रसायनशास्त्रज्ञ जेलच्या साखळ्यांत असे दुवे घालतात की, जे पेशींनी स्वतः सोडलेल्या विकरांनीच तुटावेत. म्हणजे पेशी जसजशी काम करील तसतशी परांची आपोआप उतरत जाईल.

दुसरा प्रश्न जेलच्या कठीणपणाचा. २००६ साली फिलाडेल्फियात अॅडम एंग्लर, शमिक सेन, ली स्वीनी आणि डेनिस डिशर यांनी अस्थिमज्जेतील मूलपेशी एकाच रसायनाच्या, पण निरनिराळ्या कठीणपणाच्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवरील पेशी चेतापेशींसारख्या होऊ लागल्या. स्नायूइतक्या घट्ट जेलवरील पेशी स्नायूंच्या वाटेने गेल्या. आणि खनिज साठण्यापूर्वीच्या कोवळ्या हाडाइतक्या टणक जेलवरील पेशी हाडाच्या वाटेने. पेशी जणू पायाखालची जमीन चाचपून पाहते! यांपैकी शमिक सेन पुढे मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये प्राध्यापक झाले.

येथे खरा पेच उभा राहतो. पेशींना आवडणारे जेल बहुधा मऊ असते. गुडघ्याला मात्र मऊ जेल चालत नाही. पहिल्याच पावलाला त्याचा चुरा होईल. जेल घट्ट करायचे तर जाळे दाट विणावे लागते, आणि दाट जाळ्यात पेशी गुदमरतात.

या पेचातील बळकटीची बाजू जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठातील च्यान पिंग गोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सोडवून दाखवली. त्यांनी एकात एक गुंतलेली दोन जाळी बनवली. पहिले जाळे ताठ आणि ठिसूळ, दुसरे सैल आणि लवचीक. नुसता पापड वाकवला तर त्याचे दोन तुकडे होतात. तोच कापडावर चिकटवून वाकवला तर त्याला पन्नास ठिकाणी तडे जातील, पण तो एकसंध राहील. या जेलचे तसेच आहे. ताठ जाळे ठिकठिकाणी तुटते आणि प्रत्येक तुटण्यात थोडी थोडी ऊर्जा खर्ची पडते. लवचीक जाळे सगळे धरून ठेवते. सुमारे ९० टक्के पाणी असलेल्या या जेलने दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १७० किलोग्रॅम भाराइतका दाब सोसला. ताठ आणि लवचीक अशा दोन जाळ्यांची ही जोडी तुम्हाला ओळखीची वाटली असेल. कूर्चेतील कोलॅजेन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांचीच ती नक्कल म्हणता येईल.

तिसरी अडचण सांध्याची. जुनी भिंत आणि नवी भिंत यांच्यामध्ये फट राहिली की तेथून पाणी झिरपते. कूर्चेत तेथून झीज सुरू होते. आणि कूर्चा इतकी बुळबुळीत की तिला काही चिकटत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जेनिफर एलिसीफ यांच्या गटाने कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचाच डिंक तयार केला. त्याचे एक टोक कूर्चेतील प्रथिनांना आणि दुसरे टोक जेलला रासायनिक बंधाने पकडते. तळाच्या हाडाला छिद्रे पाडायची, खड्ड्याला हा डिंक लावायचा, वर पातळ द्रव ओतायचा आणि प्रकाशाचा झोत टाकून तो द्रव जागेवरच गोठवायचा, अशी ती पद्धत. द्रव ओतल्यामुळे खड्डा वेडावाकडा असला तरी जेल त्याच्या आकारात बसते. २०१३ साली १५ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले; नुसती छिद्रे पाडलेल्या रुग्णांपेक्षा यांचे खड्डे अधिक भरलेले दिसले. पण १५ ही संख्या लहानच.

खालचा मजला

पुष्कळदा टवका कूर्चेपुरता नसतो. खालचे हाडही खचलेले असते. मोठ्या अपघातात किंवा गाठ काढल्यावर हाडात इतकी मोठी पोकळी राहते की, हाडाची ती नामांकित दुरुस्तीही तेथे अपुरी पडते. अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून बसवतात. म्हणजे एक जखम भरायला दुसरी जखम करायची.

हाडासाठीची परांची वेगळी असते. हाडाच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश खनिज असते, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हायड्रॉक्सिअॅपटाइट. म्हणून जेलमध्ये त्याचे बारीक कण मिसळतात. शिवाय येथे रक्तवाहिन्या आत शिरायला हव्यात, तेव्हा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून मोठी, एकमेकींत उघडणारी छिद्रे ठेवावी लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडासाठी असा सच्छिद्र भराव तयार करण्याचे काम झाले आहे.

हाडाला बोलावणे धाडणारी प्रथिनेही ठाऊक आहेत. १९६५ साली अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तर स्नायूतच नवे हाड उगवले! त्यामागील प्रथिनांपैकी एकाला २००२ साली अमेरिकेत मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. ते कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून ठेवत. पण स्पंजातून प्रथिन लवकर बाहेर पडते, मात्रा मोठी लागते, आणि काही रुग्णांत नको त्या जागी हाड वाढले. जेलच्या जाळ्यात अडकवून तेच प्रथिन थेंबाथेंबाने सोडता येईल का, यावर आज बरेच संशोधन चालते.

खाली हाडाची आणि वर कूर्चेची अशी दुमजली परांची एकाच तुकड्यात बनवणे हे सध्याचे मोठे काम आहे. ते का अवघड, हे एका प्रसंगावरून दिसते. २०१६ साली अमेरिकेत पायाच्या अंगठ्याच्या सांध्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जेलची एक गुडदी वापरायला मान्यता मिळाली. ती परांची नव्हती. न विरघळता कायम राहणारी होती. पण खालच्या हाडाशी ती एकजीव होत नसे. काही रुग्णांत ती खोल रुतली, काहींत सरकली, आणि अपेक्षेपेक्षा जास्त जणांत ती काढावी लागली. २०२४ साली ती बाजारातून परत घेण्यात आली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'गुडघ्यात जेलचे इंजेक्शन घेतले' असे वडीलधाऱ्या मंडळींकडून तुम्ही ऐकाल. ते जेल बहुधा हायलुरॉनिक आम्लाचे असते. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता जिवाणूंकडूनही मिळवतात. ते सांध्यातील वंगण आहे, परांची नव्हे. त्याने कूर्चा उगवत नाही. आणि आज परांचीचे प्रयोग होतात तेही मुख्यतः मर्यादित खड्ड्यांसाठी, साधारण नखापासून रुपयाच्या नाण्यापर्यंतच्या. आजीच्या गुडघ्यासारखे सगळे अस्तरच झिजले असेल, तर आज तरी धातू आणि प्लास्टिकचा कृत्रिम सांधा हाच मार्ग आहे. तरुण माणसाला मात्र तो देताना डॉक्टर बिचकतात, कारण त्याच्या आयुष्यात तो झिजून पुन्हा बदलावा लागण्याचा संभव मोठा.

होक्काइदोच्याच काझुनोरी यासुदा आणि गोंग यांच्या गटाने २००९ साली एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. त्यांनी सशाच्या गुडघ्यात, हाडापर्यंत गेलेल्या खड्ड्याच्या तळाशी दुहेरी जाळ्याच्या जेलची गुडदी बसवली आणि वरची दोन-तीन मिलिमीटर जागा मुद्दाम रिकामी सोडली. त्यात एकही पेशी सोडली नव्हती. चार आठवड्यांत त्या रिकाम्या जागेत खऱ्या कूर्चेसारखी कूर्चा आपोआप भरली! हंटर असते तर त्यांनी निबंध पुन्हा चाळला असता. पण ससा म्हणजे माणूस नव्हे. सशाच्या गुडघ्यातील कूर्चा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, त्याचे वजन दोन-तीन किलो, आणि त्याच्या जखमा माणसापेक्षा लवकर भरतात. म्हणून सशात जमले की शेळी-मेंढीत पाहायचे, मग घोड्यात, कारण त्याची कूर्चा जाडीने माणसाच्या जवळपास येते आणि भार तर कितीतरी अधिक. त्यानंतर थोडे रुग्ण, मग अधिक रुग्ण, आणि प्रत्येक टप्प्यावर काही वर्षे थांबून पाहणे. सशात जमलेली पुष्कळ जेले या वाटेवर शेळीपाशीच अडली आहेत.